मीटर रूमपासून चाळीस मीटर

डीपी या दोन अक्षरांना मराठीत सध्या तीन अर्थ आहेत. एक मोबाइलवरचा फोटो. तो सोडून देऊ. दुसरा गल्लीच्या तोंडाशी लोखंडी जाळीत उभा असतो. पावसाळ्यात रात्री दहाला ‘डीपी उडाला’ अशी हाक येते आणि अख्खी गल्ली गॅलरीत येऊन उभी राहते, ते हे रोहित्र. तिसरा अर्थ महापालिकेतला. ‘आमची जागा डीपीत गेली’ किंवा ‘हा डीपी रोड आहे’ असं म्हणणारा माणूस शहराच्या विकास आराखड्याबद्दल बोलत असतो.

या दुसऱ्या आणि तिसऱ्या डीपीची एकमेकांशी फारशी ओळख नाही. आराखडा नगररचना खात्याचा, रोहित्र वीज कंपनीचं. आराखड्यात शाळा, बाग, स्मशान, भाजी मंडई यांची आरक्षणं रंगवलेली असतात. रोहित्राला बरेचदा उरलीसुरली जागा मिळते, कचराकुंडीच्या शेजारची. इतकी वर्षं हे चालून गेलं, कारण घराला लागणारी वीज हळूहळू वाढत होती. आधी फ्रिज आला, मग गीझर, मग एसी. प्रत्येक वेळी वायरमन आला, एमसीबी बदलून गेला. विजेवर चालणारी गाडी आली आणि हा शिरस्ता मोडला. ती घराबाहेर उभी राहते, तरी तिला घरातली वीज लागते.

सोसायटीत राहणाऱ्या माणसाची अडचण अशी असते. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. त्याचा मीटर जिन्याखालच्या मीटर रूममध्ये. गाडी स्टिल्टच्या पार कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपाशी. मीटर रूमपासून तिथवर अंतर धरा चाळीस मीटर. गाडी त्याची, मीटर त्याचा, बिलही तोच भरणार. मधले चाळीस मीटर मात्र सगळ्यांचे. या प्रकरणात केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं येतील, राज्याची धोरणं येतील, पार कॅलिफोर्नियाचे कायदे येतील. पण शेवटी सगळ्यांना याच चाळीस मीटरमधून वाट काढायची आहे.

आधी वायरमनची बाजू ऐकू, कारण तो बोलतो ते सभेत कोणी ऐकत नाही. ‘गीझरला चालतं, मग गाडीला काय झालं?’ हा प्रश्न त्याला हमखास विचारला जातो. गीझर दोन किलोवॅटचा असतो आणि पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी पंधरा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर लावली तर सव्वातीन किलोवॅटच्या आसपास वीज घेते, आणि तीस युनिटची बॅटरी रिकामी असेल तर नऊ-दहा तास घेत राहते. तारेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. घरात सर्रास वापरली जाणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चाळीस मीटर नेली, तर जाऊन-येऊन ऐंशी मीटर होते. तिचा रोध ओमच्या सहा दशांशाइतका. पंधरा अँपिअर वाहताना तिच्यात नऊ व्होल्ट गळतात आणि सुमारे १३० वॅट उष्णता तयार होते. जुने साठचे दोन बल्ब भिंतीतल्या पाइपात रात्रभर जळत ठेवल्यासारखं ते आहे. ही उष्णता सगळ्या लांबीवर पसरली तर फारसं बिघडत नाही. पण मध्येच कुणी काळी टेप गुंडाळून सांधा दिला असेल, तर सगळा राग त्या सांध्यावर निघतो. म्हणून जाणता वायरमन चार किंवा सहाची तार मागतो आणि सोसायटीचा खजिनदार त्याच्याकडे संशयाने बघतो.

सरकारी नियमांमध्ये हे शहाणपण आलं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षिततेच्या विनियमांत चार्जिंगसाठी वेगळं प्रकरण घातलं. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं. गाडी उभी असताना तिचं जोडणीचं तोंड चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत यायला हवं. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. गळती झाली तर ३० मिलिअँपिअरवर पुरवठा तोडणारं संरक्षक उपकरण हवं. नियम कोरडे वाटतात. पण जुलैमध्ये गुडघाभर पाणी साचलेलं पार्किंग ज्याने पाहिलं आहे त्याला ८०० मिलिमीटरचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पार्किंगमधले पॉइंट बहुधा गाडी धुण्याच्या पंपासाठी घेतलेले असतात, तेही खाली, स्कर्टिंगच्या वर वीतभर. आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली, दोन बोर्डांची साखळी करून स्कूटरपर्यंत पोचवलेली वायर तर कुठल्याही उपनगरात चालता चालता दिसेल. सोसायटीने एनओसी नाकारली की माणूस गाडी विकत नाही, तो खिडकी उघडतो. परवानगी देण्याच्या बाजूने मला याहून मोठा युक्तिवाद सापडलेला नाही.

आता सेक्रेटरींची बाजू. त्यांना खलनायक करणं सोपं आहे, आणि गाडी घेतलेल्या माणसांच्या गप्पांत ते रोज होतं. पण २०२२ च्या वसंतात देशात विजेच्या स्कूटरी रस्त्याकडेला पेटल्याचे व्हिडिओ घरोघर फिरले, त्यातला एक पुण्यातला होता. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. हे किती सभासदांना ठाऊक असतं? व्हिडिओ सगळ्यांना ठाऊक असतो. सेक्रेटरी हे मानद पद आहे, पगार नाही, आणि उद्या काही झालं तर पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच दारात येणार. असा माणूस ‘एजीएममध्ये विषय घेऊ’ म्हणतो तेव्हा तो वेळ काढत असतो हे खरं, पण सहीखाली एकटं नाव नको एवढीच त्याची इच्छा असते. मग सभा होते. कोणी विचारतं, सगळ्यांनी उद्या गाड्या घेतल्या तर लोड कुठून आणणार? कोणी विचारतं, कॉमन लाइटच्या मीटरवरून चोरून चार्ज केलं तर? तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारतात, लिफ्ट बंद पडणार नाही ना? आणि मग ज्याचं कोणाकडेच उत्तर नसतं तो प्रश्न येतो: मुळात ती पार्किंगची जागा याची आहे का?

हा प्रश्न दिसतो तितका भांडकुदळ नाही. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की स्टिल्टमधलं पार्किंग म्हणजे बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येणारी वस्तू नव्हे. तो सामायिक भाग आहे. म्हणजे बिल्डरला पैसे मोजून ‘घेतलेली’ जागाही कायद्याच्या डोळ्यांनी पाहिली तर सोसायटीची. त्यात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत अशी तरतूद आहे की गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावं. चिठ्ठी दरवर्षी, आणि चार्जर भिंतीत पक्का! या वर्षी टाकीपाशी चार्जर बसवला आणि पुढच्या वर्षी चिठ्ठी गेटजवळची निघाली, तर? भाडेकरू असेल तर त्याला चिठ्ठीतही उभं राहता येईल की नाही इथपासून सुरुवात. पार्किंगचं भांडण आपल्याकडे जुनंच आहे. विजेच्या गाडीने त्याला फक्त एक वायर जोडली.

इथून एक पायरी वर चढू. चार्जिंगच्या कायद्याचा पहिला पेच २०१८ पर्यंत वेगळाच होता. विद्युत अधिनियम, २००३ प्रमाणे वीज विकायची तर परवाना लागतो. मग रस्त्यावर चार्जर मांडून पैसे घेणारा माणूस वीज विकतो का? विकत असेल तर त्याला वीज वितरण कंपनीसारखा परवाना हवा, आणि तसं असेल तर हा धंदा कोणी करणारच नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी खुलासा केला की बॅटरी चार्ज करणं ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. पिठाच्या गिरणीचं उदाहरण घेतलं की हे लगेच पटतं. गिरणीवाला वीज विकत नाही. तुम्ही गहू नेता, पीठ आणता, त्याच्या मोटरने खाल्लेली वीज त्याच्या दरात आली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला मंत्रालयाने चार्जिंगच्या सोयींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात घरी आणि कार्यालयात खासगी चार्जिंगला मुभा असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. ती पुढे २०१९, २०२२ आणि २०२४ मध्ये बदलत गेली.

२०१८ च्या तत्त्वांतला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे चौकोन. शहराच्या नकाशावर ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरची जाळी मांडायची आणि प्रत्येक चौकोनात किमान एक सार्वजनिक चार्जिंग स्टेशन यायला हवं होतं. महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक. मंत्रालयाला हे सुटसुटीत वाटलं असणार, आणि सुरुवात म्हणून वाईटही नव्हतं. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला हा हिशेब लावला तर एका बाजूला अठ्ठावीस स्टेशनं येतात. निदान मोजायला काहीतरी मिळतं. शहरात मात्र चौकोनाला डोंगर कळत नाही. मुंबईवर ही जाळी टाकली तर काही चौकोन सरळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पडतात, जिथे चार्जरची गरज कोणाला असेल तर ती बिबट्यांना. पुण्यात एखादा चौकोन वेताळ टेकडीने खाल्लेला, तर शेजारच्या चौकोनात दाट वस्ती. दोघांना एकच स्टेशन. आणि ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा आहे त्याला मुळात अशा स्टेशनची गरज क्वचितच पडते. गाडी रात्री जिथे झोपते तिथेच जेवते. चौकोनांची खरी गरज आहे ती रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याला, रिक्षावाल्याला, माल पोचवणाऱ्या टेम्पोला.

महाराष्ट्राने जुलै २०२१ च्या धोरणात चौकोनांऐवजी स्टेशनांचे शहरवार आकडे दिले. बृहन्मुंबई परिसरात १५००, पुण्यात ५००, नागपुरात १५०, नाशिकला १००, तेव्हाच्या औरंगाबादला ७५, अमरावतीला ३०, सोलापूरला २०. महावितरणला राज्यासाठी समन्वयाचं काम दिलं. पण त्या धोरणातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग इमारतींचा आहे. नव्या निवासी प्रकल्पात किमान २० टक्के पार्किंग विजेच्या गाडीसाठी सज्ज हवं, व्यापारी इमारतींत २५ टक्के. पुढे २०२५ च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींसाठी हा आकडा १०० टक्के केला, शिवाय किमान एक सामायिक चार्जिंग पॉइंट. नव्या व्यापारी इमारतींना ५० टक्के. वीस टक्क्यांवरून शंभर टक्के, चार वर्षांत. याला उडीच म्हणायचं.

धोरण आणि नियम यांत मात्र एक जिना आहे, आणि तो चढायला वेळ लागतो. नकाशा मंजूर करणारा महापालिकेचा अभियंता शासन निर्णय हातात घेऊन बसत नाही. मुंबईत त्याच्यापुढे २०३४ ची विकास नियंत्रण नियमावली असते. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळता उरलेल्या महाराष्ट्रात २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रीकृत नियमावली, जिला आर्किटेक्ट मंडळी नुसतं ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. त्यात एक ओळ घालायची तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधली वाट धरावी लागते: सूचना, हरकती, मंजुरी, राजपत्र. घाई असेल तर कलम १५४ खाली शासन थेट निर्देश देऊ शकतं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती केली खरी, पण ‘आदर्श’ या शब्दाचा सरकारी अर्थ ‘करा म्हणजे बरं’ असा असतो. जमीन आणि इमारत हे राज्यांचे विषय, वीज दोघांचा. म्हणून दिल्लीत ठरलेली पाइपची जागा दौंडच्या नकाशावर उमटायला इतके हात लागतात.

त्या आदर्श उपविधींतलं गणित बघण्यासारखं आहे. पार्किंगच्या २० टक्के जागा चार्जिंगसाठी. चारचाकी असतील तर दर तीन गाड्यांमागे एक संथ चार्जर. आणि सगळे चार्जर एकाच वेळी चालू धरून जितका भार येईल त्याच्या सव्वापट जादा वीज इमारतीला मंजूर हवी. तीन गाड्यांत एक चार्जर ही कल्पना कोणा नकाशा काढणाऱ्याला सुचली असावी. रात्री दोन वाजता पायजम्यात खाली उतरून आपली गाडी काढणारा आणि शेजाऱ्याची लावू देणारा सभासद मी तरी पाहिलेला नाही.

पण त्याहून मोठी गोम आहे ती ‘सगळे एकाच वेळी’ या शब्दांत. साठ फ्लॅटची सोसायटी घ्या आणि शंभर टक्क्यांचा नियम लावा. साठ गाड्या, प्रत्येकीला ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर. एकाच वेळी सगळे चालू म्हणजे ४३२ किलोवॅट, सव्वापट म्हणजे ५४०. एवढा भार म्हणजे त्या सोसायटीला स्वतःचं रोहित्र, त्याची जागा, त्याचा खर्च. सभेत हा आकडा वाचला की विषय तिथेच संपतो. आता दुसऱ्या टोकाने मोजा. शहरातली गाडी दिवसाला चाळीस किलोमीटर धावते असं सढळ हाताने धरू. युनिटला सात किलोमीटर, वाटेतली गळती धरून साडेसहा युनिट लागले. साठ गाड्यांचे ३९० युनिट. रात्रीचे आठ तास हाताशी आहेत. भागा: ४९ किलोवॅट. पाचशेचाळीस आणि एकोणपन्नास, एकच सोसायटी, त्याच साठ गाड्या. मधला फरक विजेचा नाही, रांगेचा आहे. कोणाची गाडी किती वाजता किती घेईल हे ठरवणारी पेटी मीटर रूममध्ये बसवली, जिला धंद्यातले लोक ‘लोड मॅनेजमेंट’ म्हणतात, तर गाड्या आपसांत वीज वाटून घेतात आणि सकाळी सातला सगळ्या भरलेल्या असतात. सगळेच रोज चाळीस किलोमीटर जात नाहीत, आणि एखादा कोल्हापूरहून रिकामी बॅटरी घेऊन मध्यरात्री येईल. त्याच्यासाठी आकडा थोडा वाढवा. तरी तो ५४० च्या आसपासही जात नाही. नियम लिहिताना ही पेटी गृहीत धरली आहे का, हा प्रश्न मी कुठल्याही शहराच्या नियमावलीला पहिला विचारीन.

रांगेच्या या खेळात अलीकडे सूर्यही उतरला आहे. दुपारी सौर वीज भरपूर, संध्याकाळी तुटवडा, म्हणून केंद्राच्या तत्त्वांत सार्वजनिक चार्जिंगसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत दर कमी आणि बाकीच्या वेळी जास्त ठेवायला सांगितलं आहे. मग गाडीने दुपारी जेवावं आणि रात्री नुसतं झोपावं. दुपारी गाडी कुठे असते? हिंजवडीत, बीकेसीत, एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेडखाली. म्हणून ऑफिसच्या इमारतींचे टक्के मला निवासी टक्क्यांपेक्षा कमी महत्त्वाचे वाटत नाहीत, आणि धोरणात ते नेमके निम्मे आहेत.

परवानगीचं कोडं सोडवण्यात कॅलिफोर्नियाने जी वाट धरली ती आपल्या लोकांना ओळखीची वाटेल. तिथे गाड्या लवकर वाढल्या आणि प्रत्येक शहराचा इमारत विभाग आपापल्या मर्जीने कागद मागू लागला. एका गावात एका पानाचा अर्ज, शेजारच्या गावात चार्जरच्या रंगरूपावर सुनावणी. २०१५ मध्ये राज्याने एबी १२३६ नावाचा कायदा केला. शहरांनी आणि काउंट्यांनी चार्जरच्या परवान्यासाठी झटपट पद्धत ठरवणारा स्थानिक नियम करायचा. दोन लाखांवर वस्ती असेल तर ३० सप्टेंबर २०१६ पर्यंत, कमी असेल तर आणखी एक वर्ष. काय काय कागद लागतील याची यादी संकेतस्थळावर लावायची, आणि ती पूर्ण झाली की परवाना द्यायचा. तपासायचं ते आरोग्य आणि सुरक्षितता एवढंच. दिसायला कसं आहे हा मुद्दा बाद. घरमालक संघटनेची संमती आणा असंही महापालिकेला म्हणता येणार नाही.

कायदा झाला आणि बऱ्याच गावांनी तो फाइलला लावून ठेवला. यावर राज्याने दोन गोष्टी केल्या. राज्यपालांच्या उद्योगविषयक कार्यालयाने सगळ्या शहरांचा नकाशा लोकांसमोर ठेवला आणि कोण सुटसुटीत झालं, कोण नाही, हे रंगांनी दाखवलं. लाल रंगात राहायला कोणत्याही महापौराला आवडत नाही. दुसरी गोष्ट २०२१ च्या एबी ९७० कायद्याने केली: मुदत. पंचवीसपर्यंत चार्जर असतील तर अर्ज परिपूर्ण आहे की नाही ते कामाच्या पाच दिवसांत सांगा, नाही तर तो परिपूर्ण समजला जाईल. मग वीस दिवसांत निर्णय द्या, नाही तर मंजूर समजला जाईल. मोठ्या प्रकल्पांना दहा आणि चाळीस. मानीव अभिहस्तांतरणासाठी उपनिबंधकांच्या कार्यालयात खेटे घातलेल्या सोसायटीवाल्यांना ‘मानीव’ या शब्दाची ताकद आणि मर्यादा दोन्ही ठाऊक आहेत. पण कॅलिफोर्नियात त्याने काम केलं, कारण घड्याळ अधिकाऱ्याच्या टेबलावर गेलं. चार्जर बसवल्याने पार्किंगची एखादी जागा कमी होते म्हणून अर्ज अडत असत. ती अडचणही त्याच कायद्याने दूर केली.

सोसायटीच्या आतला प्रश्नही तिथे त्याआधीच हाताळला होता. घरमालक संघटनेला चार्जर सरसकट नाकारता येत नाही. साठ दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही तर अर्ज मंजूर धरायचा. बदल्यात मालकाने परवानाधारक कंत्राटदार नेमायचा, खर्च आणि नुकसानाची जबाबदारी घ्यायची. जर्मनीने १ डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकांच्या कायद्यात असाच हक्क दिला. संघटना ‘कसं’ ते ठरवू शकते, ‘नाही’ म्हणू शकत नाही. आपल्याकडेही वाट हळूहळू तिकडे वळते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले, त्यात चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा ग्राहकाचा हक्क लिहिला आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत सात दिवसांवरून तीन, इतर महापालिका-नगरपालिकांत पंधरावरून सात, ग्रामीण भागात तीसवरून पंधरा दिवस केली. वीज कंपनीला घड्याळ लागलं. सोसायटीच्या कमिटीला अजून लागायचं आहे.

कॅलिफोर्नियाकडून घेण्यासारखी खरी गोष्ट मात्र परवान्याची नाही, पाइपची आहे. १ जुलै २०१५ पासून तिथल्या इमारत संहितेने नव्या घरांना चार्जर बसवायची सक्ती केलीच नाही. सांगितलं एवढंच की पॅनेलपासून गाडीच्या जागेपर्यंत किमान एक इंचाचा रिकामा पाइप टाका आणि पॅनेलमध्ये चाळीस अँपिअरच्या ब्रेकरची जागा मोकळी सोडा. तार नाही, सॉकेट नाही, चार्जर नाही. पाइपात दहा वर्षांनी कोणतीही तार ओढता येते. चार्जरचं मॉडेल मात्र दोन वर्षांत जुनं होतं. मोठ्या इमारतींसाठी हा भाग सुरुवातीला तीन टक्के जागांपुरता होता, पुढे दहा, आणि २०२३ पासून लागू झालेल्या संहितेत पाइपवाल्या, सॉकेटवाल्या आणि चार्जरवाल्या अशा वेगवेगळ्या जागांचं प्रमाण ठरवून दिलं. आपल्या नियमांत ‘सज्ज’ हा शब्द आहे. तो पाइपाइतका सज्ज की सॉकेटाइतका, हे बिल्डरला विचारलं तर तो स्वस्तातलं उत्तर देतो. त्याचा धंदा आहे, देणारच.

मुंबईत तर अजून एक गंमत वाढून ठेवली आहे. लोखंडी पाळण्यांत गाड्या एकावर एक चढवणारं यांत्रिक पार्किंग. गाडी स्वतःच वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरते, तिच्यासोबत वायर कशी फिरवायची? याची उत्तरं आहेत, पाळण्यावरच संपर्कपट्टी देऊन करतातही, पण ती पाळणा बनवतानाच द्यावी लागतात. नंतर कोणी हात लावत नाही.

पुण्या-मुंबईत सध्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात बांधलेल्या तीन-चार मजली इमारती पाडून तिथे बारा-पंधरा मजली टॉवर उठत आहेत, आणि प्रत्येक करारनाम्याला सुविधांची लांबलचक यादी जोडलेली असते. टाइल्स किती बाय किती, नळ कोणत्या कंपनीचे, मोठ्या अक्षरांत जिम. खाली कुठेतरी ‘ईव्ही रेडी पार्किंग’. आमच्याही यादीत ती ओळ होती. तळघराच्या छताचा स्लॅब पडायच्या आधी साइटवर गेलो तेव्हा ड्रॉइंगमध्ये प्रत्येक गाडीपाशी छोटा चौकोन काढून ‘ईव्ही’ लिहिलेलं दिसलं. त्या चौकोनापासून मीटर रूमपर्यंत काहीच नव्हतं.

‘केबल कुठून जाणार?’ मी साइट इंजिनिअरला विचारलं.

तरुण मुलगा होता. त्याने ड्रॉइंग फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे. ‘ते पुढे बघू सर. कोअर कटिंग करून घेता येतं.’

कोअर कटिंग म्हणजे ओतलेल्या काँक्रीटला नंतर यंत्राने भोक पाडणं. बीममध्ये ते कुठे पाडायचं यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं लागतं आणि तो बहुतेक वेळा नको म्हणतो. मी म्हटलं, स्लीव्ह आत्ताच टाकल्या तर? काँक्रीट ओतण्याआधी बीमच्या सळ्यांमध्ये पाइपाचा तुकडा बांधून ठेवायचा, एवढंच.

त्याने कोणाला तरी फोन लावला, बराच वेळ ‘हो सर, हो सर’ केलं. मग फिटरला हाक मारली आणि खिशातला खडू काढून शटरिंगच्या फळीवर फुल्या मारायला सुरुवात केली. पहिली फुली मीटर रूमच्या भिंतीला लागून, शेवटची पाण्याच्या टाकीपाशी. स्लॅब शुक्रवारी होता.